बार्गच्या प्लेट्स, टायमर आणि रविवारचं करेक्शन : वर्षभराच्या सरावानंतर

नोकरी सांभाळून जवळपास वर्षभर मी माणसांचं ड्रॉइंग शिकते आहे. या काळात तीन गोष्टी नेमाने केल्या. शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराच्या प्लेट्सच्या, म्हणजे छापील नमुनाचित्रांच्या नकला, टायमर लावून झटपट स्केचेस, आणि दर रविवारी मॉडेल बसवून काम व त्यावर सरांचं करेक्शन, म्हणजे कुठे चुकलं ते दाखवणं. तिन्हींचा उपयोग झाला, पण सारखा झाला नाही. वेळ आणि पैसा एकाच गोष्टीवर घालता येणार असेल, तर तो करेक्शनवर घाला.

आधी बार्ग. चित्रकार ज्याँ-लेओं जेरोमच्या साथीने त्याने केलेल्या १९७ शिळाछाप प्लेट्स पॅरिसमध्ये १८६६ ते १८७१ या काळात निघाल्या. व्हॅन गॉगने चित्रकला सुरू केली तेव्हा याच प्लेट्स मन लावून उतरवल्या होत्या. पुतळ्यांच्या बऱ्याच प्लेट्सवर तयार चित्राशेजारी नुसत्या सरळ रेषांचा आराखडा दिलेला असतो, आणि मला तो भाग सर्वात मोलाचा वाटतो. गालाची गोलाई आधी दोन-तीन सरळ रेषांत पकडायची, त्यांचे कोन तपासायचे, वळण मागून. प्लेट आणि कागद उभ्या बोर्डवर शेजारी लावले, मापाला विणायची सुई घेतली आणि मधोमध दोऱ्याचा ओळंबा सोडला की फरक लपत नाही. बोर्ड मांडीवर आडवा धरू नका. कागदाची वरची कड डोळ्यांपासून लांब जाते आणि डोकं लांबट येतं.

आपल्याकडे शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना तर हा सराव विशेष लागू पडतो. स्मरणचित्रात पाणवठा, जत्रा, बाजार काढताना आपण ठरावीक माणसं पाठ करतो: बदामी डोळा, नाकाची एक रेघ, टोपी. ती हाताला इतकी बसलेली असतात की समोर खरा माणूस असला तरी हात तोच बदाम काढतो. बार्गची नकल करताना पाठ केलेलं काहीच चालत नाही, समोर दिसेल तेवढंच उतरवावं लागतं.

पण प्लेटमधला चेहरा हलत नाही, श्वास घेत नाही. शिवाय पांढऱ्या पुतळ्यांच्या छाया आपल्या माणसांवर जशाच्या तशा बसवल्या तर चेहरा पीठ फासल्यासारखा दिसतो. सावळ्या कातडीचा मूळ टोनच गडद असतो आणि कपाळावरची, नाकाच्या शेंड्यावरची चमक त्यावर ठळक उठते. सरांनी आम्हाला आधी सगळ्या चेहऱ्यावर चारकोलचा (चित्रकलेच्या कोळशाचा) मधला टोन चढवायला लावला, छाया त्यावर, आणि उजेड शेवटी मळता येणाऱ्या रबराने उचलायचा. या एका बदलाने माझे हेड स्टडी, म्हणजे चेहऱ्याचे अभ्यास, जितके सुधारले तितके आणखी कशानेच नाही.

टायमरबद्दल थोडक्यात. तीस सेकंद, एक मिनिट, दोन मिनिटं, मग पाच. तीस सेकंदांत खांद्यांची आणि कमरेची तिरकी दिशा आणि भार कोणत्या पायावर आहे एवढंच घ्यायचं. एका पायावर भार टाकून उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो साधारण त्याच पायाच्या घोट्यापाशी येतो. हे कळल्यापासून माझ्या आकृत्या कलंडत नाहीत. फोटोंवरून केलंत तरी चालेल, मात्र जवळून काढलेल्या मोबाइल फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात, ते टाळा. एसटी स्टँडवर वाट बघत बसलेली माणसं त्याहून कितीतरी चांगली.

आता करेक्शन. रविवारी मॉडेल वीस मिनिटं बसतं, पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा तीच बैठक. जागा चुकू नये म्हणून पायांभोवती आणि खुर्चीभोवती चिकटपट्टीच्या खुणा करतो. मानधन सगळे मिळून देतो, आणि ते व्यवस्थित द्यायलाच हवं. इतका वेळ न हलता बसणं हे कष्टाचं काम आहे.

एकदा फेटा बांधलेले आजोबा बसले होते. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात हे वर्गात सगळ्यांना पाठ होतं. पण फेट्याखाली कवटी कुठे संपते ते दिसत नव्हतं आणि बहुतेकांच्या चित्रात फेटा थेट भुवयांवर बसला होता. सर कुणाच्या चित्राला हात लावत नाहीत. ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर लाल पेन्सिलीने फेट्याच्या आतली कवटी काढून दाखवली आणि पेपर उचलून नेला. चित्र आमचं आम्ही दुरुस्त करायचं. लाइकनेस, म्हणजे समोरच्या माणसाशी साम्य, आला नाही की आपण डोळे घोटत बसतो. सर आधी कवटीचा आकार, जबड्याचा कोन आणि नाकाच्या बुडापासून हनुवटीपर्यंतचं अंतर बघायला लावतात, आणि बहुतेक वेळा फरक तिथेच सापडतो.

‘छान’, ‘जिवंतपणा नाही’, ‘आणखी सराव कर’ या अभिप्रायांनी माझी एक रेघही सुधारली नाही. ‘कानाची पाळी नाकाच्या बुडाच्या खाली गेली आहे, सुई धरून बघ’ हे मात्र पुढच्या रविवारी माझं मला तपासता येतं. मी अशी वाक्यं तारीख घालून चित्राच्या मागे लिहिते आणि नवीन काम सुरू करण्याआधी वाचते. तेच वाक्य पुन्हा आलं, तर त्या आठवड्याचा सराव फक्त त्यावर.

सामानावर फार खर्च नको. विलो चारकोल फडक्याने पुसला जातो, म्हणून शिकताना तोच घ्या. कॉम्प्रेस्ड चारकोल (भुकटी दाबून केलेला) नंतर. झटपट कामाला न्यूजप्रिंट पुरे, पण तो पिवळा पडतो, तेव्हा ठेवायचं काम कार्ट्रिज या जाड ड्रॉइंगच्या कागदावर करा.

गावात वर्ग नसेल तर ओळखीच्या एखाद्या चांगल्या चित्रकाराला फोनवर चित्र पाठवता येतं. पाठवताना चित्र आणि संदर्भाचा फोटो शेजारी एकाच मापात ठेवा, दोन्ही सरळ समोरून टिपलेले. ‘कसं झालंय?’ असं विचारलंत तर कौतुक येईल. ‘डोक्याचा कल आणि खांद्याची रेष जुळते का?’ असा एकच प्रश्न विचारा, उत्तरही तितकंच नेमकं येतं. शक्य असेल तर काम अर्ध्यावर असतानाच पाठवा, म्हणजे छाया चढवण्याआधी आराखडा सुधारता येतो.