६३ मिमी तोंडाच्या काचेच्या बाटल्या, सुटी झाकणं आणि पेक्टिन: सहा महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारीत भरलेल्या चोवीस बाटल्यांपैकी सात झाकणांच्या कडेला ऑगस्टमध्ये तांबूस रेघ दिसली, म्हणून हे आता लिहितोय. काच शाबूत आहे, आतला संत्र्याचा मार्मलेडही ठीक आहे. तक्रार झाकणाची आहे आणि बराच वेळ झाकणाचीच राहणार आहे.

सामान नागपूरच्या इतवारी बाजारातलं. बाटल्या, लग कॅप (पिळून बसणारं पत्र्याचं सोनेरी झाकण) आणि लिंबूसत्व एका फेरीत मिळतं. पेक्टिन (फळांतून काढलेली, जॅम घट्ट करणारी पूड) मागितलं की किराणा दुकानात चायना ग्रास पुढे करतात. ते घेऊ नका. चायना ग्रास म्हणजे अगर. त्याने वडी पडते, पोळीवर पसरेल असा जॅम होत नाही. पेक्टिन बेकरीच्या सामानाच्या दुकानात विचारा, नाहीतर ऑनलाइन. ‘एचएम, १५० ग्रेड’ असं लिहिलेलं घ्या; एचएम म्हणजे भरपूर साखर आणि आंबटपणात घट्ट होणारं. १५० ग्रेड म्हणजे १ भाग पेक्टिन १५० भाग साखर धरतं, त्यामुळे किलोचं पाकीट घरी घेणं निव्वळ उधळपट्टी. १०० ग्रॅम पुष्कळ झालं. उन्हाळ्यात ते घट्ट डबीत घालून फ्रिजमध्येच ठेवा, उकाड्यात त्याची धरण्याची ताकद कमी होते.

बाटलीचं माप विचारताना एक घोळ होतो. दुकानात ‘५०० ग्रॅमची’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ते माप मधाचं असतं. मध जड, म्हणून तीच बाटली साधारण ३५० मिली भरते आणि जॅम तीत ४६५ ग्रॅमच्या आसपास मावतो. बाटली मिलीत विचारून घ्या. १ किलो गर आणि ९०० ग्रॅम साखर आटवली की दीड किलोच्या आसपास जॅम उतरतो, म्हणजे अशा तीन बाटल्या आणि वर वाटीभर.

आता झाकण. बाटल्यांसोबत आलेली चोवीस झाकणं चांगली निघाली. मार्चच्या दुसऱ्या खेपेला शंभराचा सुटा बॉक्स घेतला (डझनाने देत नाहीत), तिथे गणित फसलं. बारापैकी नऊ झाकणांचं मधलं बटण (बाटली हवाबंद झाली की आत दबणारा फुगवटा) खाली गेलंच नाही. आधी संशय भरण्याच्या तापमानावर आला, मग बाटलीच्या काठावर. कारण वेगळंच निघालं. ६३ मिमीची झाकणं दोन जातींची असतात, साधी आणि खोल. समोरून दोन्ही सारखी दिसतात. खोल झाकण साध्या बाटलीवर फिरतं, अडकल्यासारखंही वाटतं, पण आतलं लाइनर (झाकणाच्या आतलं मऊ गोल कडं) काचेच्या काठावर दाबून बसत नाही. दुकानदाराचं उत्तर एकच, ‘बसतंय ना, मग?’ बॉक्स फोडलेला, त्यामुळे परत घेतला नाही. बसणं आणि हवाबंद होणं यातला फरक काउंटरवर पटवून देता येत नाही.

तेव्हा झाकणं घ्यायला जाताना रिकामी बाटली पिशवीत टाकाच. काठावर कागदाची पट्टी आडवी ठेवा, झाकण पिळा, पट्टी ओढा. सहज निसटली तर झाकण नको. लाइनर नखाने दाबून बघा: मऊ असावं, खड्डा भरून यावा. घरी दोन बाटल्यांत उकळतं पाणी भरून झाकणं लावा. निवताना बटण ‘टक’ करून आत गेलं तरच बाकीची वापरा. झाकण एकदाच वापरायचं. दुसऱ्या वेळी लाइनरवर जुन्या काठाची खाच असते, आणि लोणच्याचं झाकण असेल तर वासही उतरतो.

जूनपर्यंत पहिल्या चोवीसांना पूर्ण गुण दिले असते. ४५ अंशांच्या मे महिन्यात एकही बटण वर आलं नाही, कारण जॅम ८५ अंशांच्या वर भरला होता. ६० वर भरलेल्या बाटलीत निर्वात पोकळी अर्धवट होते, ती उन्हाळ्यात हमखास दगा देते. फक्त रंग थोडा काळवंडला, तो उष्णतेने काळवंडतोच. वरच्या माळ्यावर बाटल्या ठेवू नका. पण पाऊस लागला आणि मत बदललं. पत्र्याची कापलेली कड आत वळवलेली असते, तिथे लाखेचा थर नसतो. आट्यांवर पाकाचा थेंब राहिला की दमटपणा तिथेच धरतो. भरल्यावर बाटली कोमट पाण्याने पुसून, पूर्ण सुकवून मगच ठेवायला हवी. गंजलेल्या सातही बाटल्यांचे आटे चिकट होते, तेव्हा अर्धा दोष वापरणाऱ्याचा. उरलेला अर्धा त्या उघड्या कडेचा, तो माफ नाही.

याच बाटल्यांत स्क्वॅश भरणार असाल तर थांबा. केएमएसमधून (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, स्क्वॅश टिकवायची पूड) निघणारा सल्फर डायऑक्साइड पत्र्याला खातो, झाकण आतून काळं पडतं. स्क्वॅशला प्लास्टिकच्या बुचाची बाटली बरी. जॅमला केएमएसची गरजच नाही. ६५ ब्रिक्स (म्हणजे शंभरात ६५ भाग साखर) आणि गरम भरणं पुरेसं आहे.

रिफ्रॅक्टोमीटरवर (ब्रिक्स मोजायचं यंत्र) खर्च करायचाच असेल तर ०–३२ ब्रिक्सचा घेऊ नका, तो बागेत रस मोजायचा. जॅमला ५८–९० लागतो. नाहीतर थर्मामीटर भागवतो, पण पुस्तकातला १०५ चा आकडा समुद्रकाठचा आहे. नागपूर ३१० मीटरवर, पाणी ९९ च्या आसपास उकळतं. म्हणून १०४ ला आच बंद. १०५ ची वाट पाहिली तर चिक्कीच्या वाटेला लागतो.

संत्र्याच्या बिया पुरचुंडीत बांधून शिजवण्याचा विलायती उपाय इथे नको. पेक्टिन मिळतं खरं, पण नागपुरी संत्र्याच्या बियांतला कडूपणा तापल्यावर उतरतो आणि दुसऱ्या दिवशी वाढलेला लागतो. बिया फेका. किलोभर साखरेला ५ ग्रॅम पेक्टिन दहापट साखरेत कोरडं मिसळून उकळत्या गरात भुरभुरवा. नुसतं टाकलं तर गाठी होतात आणि त्या फुटत नाहीत. लिंबूसत्व शेवटी.

बाटल्या घेईन, त्याच घेईन. त्या सुट्या बॉक्समधली अठ्ठ्याऐंशी खोल झाकणं अजून पडून आहेत. मेथीदाणा, ओवा, जिऱ्याच्या बाटल्यांना त्यातलीच लावलीत, तिथे बटण आत जायची गरज नसते.