अल्फाल्फाकडून टिमोथीकडे: आमच्या तर्रीच्या खाण्याचे दहा महिने

अल्फाल्फाला पाचपैकी पाच, टिमोथीला चार आणि मला स्वतःला दोन. सशासाठी ही वाळलेली गवतं दोन्ही चांगलीच आहेत. पहिलं कधी थांबवायचं, तिथे मी घोळ घातला.

मागच्या ऑगस्टच्या शेवटी मुलीच्या हट्टापायी ससा घरात आला. पांढरा, पाठीवर तांबूस डाग, म्हणून नाव तर्री. दुकानदार म्हणाला, "दोन महिन्यांचा आहे, पोळी-बिस्किट सगळं खातो." डॉक्टरांनी वजन केलं, 340 ग्रॅम भरलं, आणि सांगितलं की हा पाच आठवड्यांच्या वर नाही. पिल्लू खरं तर आठ आठवडे तरी आईजवळ राहायला हवं. मग चिठ्ठीवर लिहून दिलं: अल्फाल्फा आणि पिल्लांचे पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) हवे तेवढे, पाणी सतत, हिरवा पाला बारा आठवड्यांपर्यंत नाही. दुकानातून सोबत दिलेलं रंगीबेरंगी दाण्यांचं मिश्रण बंद करायला लावलं. ससा त्यातलं गोड ते वेचून खातो आणि कामाचं तळाशी ठेवतो. आमची लेक चिवड्यातले दाणे वेचते, तसंच.

वाळलेल्या गवताला विकणारे सगळे इंग्रजीत 'हे' म्हणतात, त्यामुळे घरात रोज गंमत. मी फोनवर "हे संपलं, उद्या हे येणार" म्हणाले, तर शेजारच्या काकूंना वाटलं, नवरा दौऱ्यावर गेलाय. तेव्हापासून आमच्याकडे सरळ 'गवत'.

अल्फाल्फा म्हणजे आपली लसूणघासच, दूधवाले गाईम्हशींना घालतात ती. नावात लसूण असला तरी लसणाशी काही संबंध नाही (कांदा-लसूण सशाला चालतच नाही). ती शेंगवर्गातली, म्हणून प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर; वाढत्या हाडांना हेच हवं असतं. तर्री त्यावर तुटून पडायचा. बारा आठवडे झाल्यावर पाला सुरू केला. एका वेळी एकच, चिमूटभर, मग दोन-तीन दिवस लेंड्यांवर लक्ष. पहिला मान सांबाराला (पुण्याकडच्यांनी कोथिंबीर वाचावं). मग पुदिना, मुळ्याचा पाला. पत्ताकोबीने पोट फुगतं म्हणून ती नाही, पालक क्वचित. काकूंना मात्र हे काही पटेना. "अवो, सशाले गाजर नाही देत तं काय देता मंग?" गाजरात साखर असते, म्हणून आठवड्यातून दोनदा, बोटाच्या पेराएवढा तुकडा. काकू अजून मला कंजूष समजतात.

आता माझा घोळ. सहा-सात महिन्यांनी सशाची वाढ मंदावते, तेव्हा अल्फाल्फा हळूहळू काढून टिमोथीसारखं साधं गवत आणायचं, हे मला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण डिसेंबरात अल्फाल्फाच्या मोठ्या पिशवीवर सवलत दिसली आणि मी पाच किलो मागवलं. जानेवारी संपता संपता तर्री सहा महिन्यांचा झाला, तरी पिशवी अर्धी शिल्लक. एवढं महागाचं गवत टाकवेना. "हे संपलं की बदलू" करत मार्च उजाडला.

मार्चअखेर त्याच्या ट्रेमधली लघवी वाळली की खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसायला लागला. सशाची लघवी एरवीही गढूळ असते, म्हणून पहिले काही दिवस मी दुर्लक्षच केलं. पण मग तो ट्रेमध्ये बराच वेळ बसून राहू लागला, तेव्हा उचलून नेला. एक्स-रेत मूत्राशयात गाळ दिसला. खडा झाला नव्हता, एवढं नशीब. डॉक्टरांनी समजावलं, ससा खाण्यातलं कॅल्शियम गरजेपुरतंच शोषून थांबत नाही, येईल तेवढं आत घेतो आणि जास्तीचं लघवीतून बाहेर टाकतो. अल्फाल्फात ते टिमोथीच्या जवळपास तिप्पट. वाढत्या पिल्लाला ते लागतं, आठ महिन्यांच्या तर्रीला नको होतं. सवलतीत वाचले त्याच्या दुप्पट पैसे तपासणीत गेले. उरलेली पिशवी दूधवाल्याला दिली, त्याची गाय खूश.

पण एका दिवसात बदल करता येत नाही, पोट बिघडतं. पहिल्या आठवड्यात तीन भाग अल्फाल्फा, एक भाग टिमोथी, पुढे निम्मं-निम्मं, मग उलटं. तर्रीने पहिले चार दिवस टिमोथीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लसूणघासेची पानं नेमकी ओढून काढायचा आणि काड्या पायाखाली. दोन गोष्टी कामी आल्या. एक, टिमोथीवर सांबाराच्या काड्या चोळायच्या, वास लागला की तोंड लावतो. दुसरी, गवताचा गठ्ठा ट्रेच्या कडेलाच बांधायचा. ससे लेंड्या टाकता टाकता चरतात, हे मला माहीतच नव्हतं. पुठ्ठ्याच्या नळीत गवत कोंबून दिलं की खेळही होतो. पूर्ण बदल व्हायला साडेतीन आठवडे लागले.

टिमोथीचा एक गुण कमी केला तो किमतीपायी आणि पुरवठ्यापायी. बाहेरदेशाहून येतं, मला किलोला हजाराच्या आसपास पडलं, आणि एकदा पार्सल सहा दिवस उशिरा आलं. तेव्हा गच्चीवरच्या कुंड्यांमधल्या दूर्वांनी तारलं. हरळी सशाला उत्तम चालते, फक्त फवारणी केलेली नको. इथल्या टेकडी गणपतीच्या देवळाकडून एकदा जुड्या घेतल्या होत्या. स्वच्छ धुऊन दिल्या तरी मनात धाकधूक राहिली, म्हणून आता घरच्याच.

एप्रिल-मेमध्ये नागपूरचं ऊन आणि खाण्यातला बदल एकदमच आले. पारा 44 वर, आणि ससा तिशीपुढेच हैराण. दुपारभर कूलरच्या खोलीत. बाटली काढून मातीची जड वाटी ठेवली, त्यातून तो दुप्पट पाणी पितो. पाला निथळवायचा नाही, ओलाच द्यायचा. एका रात्री लाइट गेली आणि सकाळी गवत जसंच्या तसं, लेंड्या बारीक. सशाला उलटी होत नाही आणि आतडं थांबलं की तासातासाने बिघडतं. बारा तास उपाशी म्हणजे थेट दवाखाना. सलाइन आणि दुखण्याचं इंजेक्शन, घरी सिरिंजने पातळ खाणं. संध्याकाळी सहाला पहिली लेंडी पडली तेव्हा लेकीने टाळ्या वाजवल्या.

आता वजन 1 किलो 900 ग्रॅम. पेलेट पिल्लासारखे भांडंभर नाहीत, दिवसाला दोन मोठे चमचे, तेही टिमोथीचे. पाला दोन मुठी, बाकी सगळं गवत. समोरचे दात वर्षाला 10-12 सेंटीमीटर वाढतात, ते झिजवायला गवतासारखं काही नाही. पेलेट दोन चाव्यांत संपतात. ट्रेमधला पांढरा थर मेमध्ये गेला.

पावसाळ्यासाठी दोन किलोच मागवलंय. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरून बुरशी येते, म्हणून जुन्या सुती अभ्र्यांत भरून माळ्यावर ठेवलंय. अभ्रा उघडताना आधी मी नाक लावते, मग तर्री.