गेटजवळच्या पट्टीत काय लावायचं, लाल फाउंटन ग्रास की पोकळा?

मावसभावाने शिरपूरला घर बांधलं, वास्तुशांतीची जेवणं आटोपली आणि हा मला हाताला धरून गेटपाशी घेऊन गेला, म्हणे दादा या पट्टीत काय लावू सांग. पट्टी म्हणजे कंपाउंडच्या आतून 12 फूट लांब, 3 फूट रुंद, खाली काळी माती आणि दुपारी दोनपासून थेट तोंडावर ऊन. त्याच्या डोक्यात रील्समध्ये दिसतं ते लाल तुऱ्यांचं गवत, आणि मावशीचं एकच पालुपद की पोकळा लाव बाबा, चार घास तरी होतील. माझ्याकडे धुळ्याला दोन्ही आहे, चार वर्षं झाली, म्हणून दोघांनी मलाच पंच केलं. तेव्हा पानसुपारी खात जे बोललो ते इथे जरा नीट लिहितो, कारण हाच प्रश्न अजून दोघातिघांनी विचारलाय.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे बागेचं काहीही ठरवायचं तर मे महिना डोळ्यासमोर ठेवूनच ठरवायचं. पुण्याच्या नर्सरीत काय छान दिसतं त्याला अर्थ नाही, पारा 45 च्या पुढे गेल्यावर उभं काय राहतं ते बघायचं. मेथी, पालक, कोथिंबीर तेव्हा हात टेकतात, वीतभर होत नाहीत तर फुलावर येतात. ही दोन मात्र टिकतात आणि दोघांचं कारणही एकच, ती उन्हातली झाडं आहेत. ज्वारी, बाजरी, मका, ऊस जसं कडक उन्हात आहे त्या पाण्यात जास्त अन्न बनवतात तीच पद्धत, शास्त्रात त्याला सी-4 म्हणतात. गवतात हे पुष्कळ सापडतं, पण भाजीपाल्यात असली पालेभाजी म्हणजे मुख्यतः माठाची मंडळी: पोकळा, तांदुळजा, लाल माठ, राजगिरा, सगळी अमरँथस वंशातली. म्हणजे ऊन सोसायचा पेपर दोघं पास. फरक पुढे सुरू होतो.

गवताचं बोलू. नर्सरीत याला पेनिसेटम म्हणून मागायचं, काही ठिकाणी सेंच्रस म्हणतील, एकच आहे. आपली बाजरी आणि गोठ्यासाठी लावतात ते नेपियर हेही त्याच वंशातलं, त्यामुळे पहिल्या वर्षी शेजारचे काका भिंतीवरून डोकावून म्हणाले, "भाऊ, हाई काय शे, चारा?" मी म्हटलं शोभेचं आहे काका, तर ते बराच वेळ बघत राहिले आणि न बोलता आत गेले. घेताना लालच घ्या, त्याचं नाव रुब्रम. हिरवं फाउंटन ग्रासही स्वस्तात मिळतं पण त्याचं बी वाऱ्याने उडतं आणि पुढच्या पावसात गटारीच्या कडेला, शेजारच्याच्या कुंडीत, सगळीकडे निघतं, बाहेरच्या काही देशांत तर ते तण म्हणून बदनाम आहे. लालला बी जवळपास धरतच नाही, ते गड्डा फोडून वाढवतात. म्हणून कोणी ऑनलाइन "लाल फाउंटन ग्रासचं बी" पाकिटात विकत असेल तर समजून जा.

12 फुटांत पाच रोपं बस, अडीच-अडीच फुटांवर. मी पहिल्या वर्षी हौसेने नऊ लावली आणि दुसऱ्या दिवाळीला गेट उघडताना गवत बाजूला सारावं लागायचं. काळ्या मातीत सरळ लावू नका, पावसाळ्यात पाणी तुंबून मुळं सडतात, मुरूम-वाळू नि थोडं शेणखत मिसळून वीतभर उंच वरंबा करा. जूनमध्ये लावलं की पाऊसच सांभाळतो, पहिला उन्हाळा तेवढा दिवसाआड पाणी, मग आठवड्याला एकदा दिलं तरी मरत नाही. शेणखत जास्त झालं तर उलट लोळतं. आमच्याकडे नळ चार दिवसांनी येतो, त्यात कपडे खंगाळल्याचं शेवटचं पाणी मी यालाच देतो. पालेभाजीला हे पाणी देणार नाही कधी, पानंच खायची असतात आपल्याला.

आणि दिसतं कसं, तर ऑक्टोबरच्या सकाळी सातच्या सुमारास बघा, तुऱ्यांच्या केसांवर दव अडकलेलं असतं आणि मागून ऊन आलं की अख्खी पट्टी गुलाबी पेटल्यासारखी होते. दहा मिनिटांत संपतं ते. मग उरलेला दिवस ते आपलं गवत.

त्रास दोन. फेब्रुवारीत विळ्याने वीतभर ठेवून छाटावं लागतं, पानाची धार बोटं कापते, फुल बाहीचा शर्ट घाला. दुसरं म्हणजे वाळलेलं गवत बारुदासारखं पेटतं, होळीच्या आधी छाटणी उरकाच. मी एका वर्षी आळस केला, होळीची ठिणगी उडाली, एक गड्डा पाच मिनिटांत काळा, नशीब बादली जवळ होती. (गंमत म्हणजे एप्रिलमध्ये तोच गड्डा सगळ्यात आधी फुटला.) मावशीची तक्रार तिसरीच, गवतात जनावर येतं, म्हणजे साप. खालचं वाळकं काढून बुंधा मोकळा ठेवला तर लपायला जागा राहत नाही, पण तिला ते काही पटलं नाही आणि गावाकडे वाढलेल्या माणसाला ते पटणारही नाही.

आता पोकळा. खर्च म्हणाल तर बियाण्याची एक पुडी आणि टोपलंभर शेणखत. बी खसखशीएवढं, 12 फुटांच्या पट्टीला अर्धा चमचा खूप, ते मूठभर वाळूत मिसळून फेकायचं नाहीतर एकाच जागी गचपण होतं. वरून माती नावापुरती. पेरल्यावर कडेने हळदीची रेघ ओढा, मुंग्या बी उचलून नेतात, मी एकदा संध्याकाळी पेरलं आणि सकाळी मुंग्यांची रांग बघत बसलो होतो, प्रत्येकीच्या तोंडात माझा पोकळा. चार-पाच दिवसांत उगवतो, दाट झालेला उपटायचा, तीच पहिली भाजी. महिन्याभरात कापणीला येतो, बुडापासून चार बोटं ठेवून कापला की पुन्हा फुटतो, आठ-दहा दिवसांनी परत. तीन-चार कापण्या झाल्या की देठ जून होतात, मग उपटून नवीन पेरा. चवीचं काय सांगू, लसूण नि हिरव्या मिरचीची फोडणी, मूठभर भिजवलेली मुगाची डाळ, वर दाण्याचा कूट, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास बाजारात पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकते आणि भाव ऐकून आपण, तेव्हा घरची जुडी म्हणजे चैन.

पण पोकळ्याला माणूस लागतो. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी पाणी, दोन दिवस गावाला गेलात की पानं चिवट आणि लगेच तुऱ्यावर. पावसाळ्यात पान गुंडाळणारी अळी येते, पानामागे पांढरे फोड येतात, अळी हाताने वेचा, फार झालं तर निंबोळी अर्क, आणि फोडवाली पानं तोडून टाका. बकरीला तर हा इतका आवडतो की गेट उघडं राहिलं तर हिशोबच संपला.

आणि खरी गोम इथेच आहे, जागेत. गेटपाशी रस्त्याची धूळ, गाड्यांचा धूर, आणि गल्लीतला प्रत्येक कुत्रा गजांतून आत येऊन पाय वर करणार. मावशीला मी हेच विचारलं की त्या जागेतली भाजी देवाला नैवेद्याला लावशील का. ती गप्प बसली. भावाला वेगळं विचारलं, तू नि वहिनी दोघं नोकरीवर, रोज संध्याकाळी पाणी कोण देणार. तोही गप्प.

म्हणून माझा कौल असा की पुढच्या पट्टीत गवत, पाच रोपं, मधे दुसरं काही नाही. पोकळा मागच्या दाराला, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, जिथे तांदूळ धुतलेलं पाणी हात लांब करून टाकता येतं. जागा नसेल तर केळीवाल्याचे दोन प्लॅस्टिक क्रेट आणा, आत गोणपाट घाला, माती-शेणखत निम्मं निम्मं, घरापुरती भाजी निघते. तुमच्याकडे एकच पट्टी असेल, ती आतल्या बाजूला असेल आणि घरात सासूबाई किंवा आजोबा दिवसभर असतील, तर डोळे मिटून पोकळा, गवताचा विचारही करू नका. घर महिना-महिना बंद राहत असेल तर मात्र गवतच.

रंगाची हौस असेल तर लाल माठ पेरा, शिजवताना कढईतलं पाणी बीटासारखं होतं, पोरं त्या रंगापायी भाकरी बुडवून खातात.

भावाने शेवटी जूनमध्ये गवत लावलं, पाचाऐवजी सात, ऐकतो कुठे. मावशीचे क्रेट मागच्या ओट्यावर आहेत, दोनाचे चार झालेत. तिला फक्त एवढं सांगून आलोय की डिसेंबर-जानेवारीत पोकळा पेरू नको, थंडीत तो नुसता बसून राहतो, तेवढे दोन महिने क्रेटमध्ये मेथी टाक.