लगेच रीमॅच, की चार लढती खेळून?

सोयाबीन सोंगणीच्या धामधुमीत सराव बुडाला अन् दर्यापूरकडचा आमचा भाचा बॉक्सिंगच्या हेवीवेट गटात हरून आला. दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "मामा, ज्यानं हरवलं त्याच्यासंगं आताच पुन्हा भिडू का थांबू?"

थांबण्याच्या बाजूनं अमेरिकन बॉक्सर जो लुई. १९३६ मध्ये जर्मनीच्या श्मेलिंगनं त्याला बाराव्या फेरीत लोळवलं. तो लढत राहिला, १९३७ मध्ये ब्रॅडॉककडून हेवीवेटचा जागतिक किताब जिंकला आणि १९३८ च्या रीमॅचमध्ये श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवलं. लुईचं नाव निघालं की आधी हीच लढत आठवते.

घाई अमेरिकेच्याच फ्लॉइड पॅटरसनला भोवली. १९६२ मध्ये लिस्टननं पहिल्या फेरीत पाडलं, १९६३ मध्ये पुन्हा पहिल्याच फेरीत. एक हार अपघात म्हणून खपते, दुसरी नावाला चिकटते. पण ब्रिटिश बॉक्सर लेनॉक्स लुइसनं लगेच भिडून २००१ मध्येच एप्रिलची हार नोव्हेंबरात चौथ्या फेरीतल्या नॉकआउटनं फेडली.

खर्च? थांबलं तर खुराक अन् बसभाडं वाढतं, एवढंच.

समोरचा खेळातच सरस असेल तर थांबावं. तयारी कमी पडून हरला असेल, तर लगेच. भाच्याला म्हटलं, सोंगणी उरक, दोन महिने घाम गाळ अन् भीड.