कर्जमुक्तीच्या नावाखाली गेलेले चार महिने

मी लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि सध्या रबाळे एमआयडीसीत सुरक्षारक्षक आहे. मुलीच्या लग्नासाठी घेतलेल्या कर्जाचे ३ लाख ८६ हजार रुपये बाकी असताना, ७ डिसेंबरच्या ध्वजदिनी कोपरखैरणे स्टेशनबाहेर टेबल मांडून बसलेल्या दोन तरुणांनी माझ्या खिशावर लाल, गडद निळ्या आणि फिकट निळ्या पट्ट्यांचा कागदी झेंडा लावला व 'मेजर, चहा घ्या' म्हणून बसवून घेतले. गावाकडे फौजीला सगळे मेजरच म्हणतात, त्यामुळे मला ती आपुलकी वाटली.

देणगीदारांच्या पैशांतून माजी सैनिकांची कर्जे फेडणारी आपली संस्था आहे, असे त्यांनी सांगितले. डिस्चार्ज बुकाची प्रत, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), कर्जखात्याचा उतारा आणि पदके लावलेला गणवेशातील फोटो मी दुसऱ्याच दिवशी नेऊन दिला. फाइलचे ५,१०० रुपये, मग 'कर' म्हणून १२,५०० आणि शेवटी परत मिळणाऱ्या हमीचे ३०,०००, असे एकूण ४७,६०० रुपये माझ्याकडून गेले. ज्याला कर्ज फेडणे जड जात आहे त्याच्याकडूनच आधी पैसे कसे मागतात, हा प्रश्न पत्नीने विचारला होता आणि मी तिच्यावर चिडलो होतो.

याहून मोठे नुकसान त्यांच्या सल्ल्याने झाले. हप्ते वेळेवर येत असतील तर बँक तडजोड कशाला करेल, ९० दिवस थकवा, मग आम्ही निम्म्यात मिटवतो, असे ते म्हणाले. ९० दिवस हप्ते थकले की बँक खाते अनुत्पादक, म्हणजे बुडीत जाण्याच्या मार्गावरचे, ठरवते हे खरे असल्यामुळे बाकीचेही मला खरे वाटले. पेन्शन जमा झाल्याचा संदेश येताच, हप्ता कापला जाण्याआधी, मी रक्कम पत्नीच्या खात्यात वळवू लागलो. चार महिन्यांत व्याज आणि दंड धरून बाकी ४ लाखांच्या वर गेली आणि कर्जफेडीची पत दाखवणारा सिबिल स्कोअर घसरला तो वेगळाच. शाखाधिकाऱ्यांनी सांगितले, की संस्थेकडून बँकेत एक पत्रसुद्धा आलेले नाही आणि तडजोडीचा अर्ज कर्जदार स्वतः करू शकतो.

पावतीवरचा नोंदणी क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर तपासला, तेव्हा तो भलत्याच संस्थेचा निघाला. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तोपर्यंत पैसे पुढे निघून गेले होते. पैसे गेल्यावर काही तासांत फोन केला तरच ते गोठवले जाण्याची आशा असते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मी गेलो तो सर्वांत शेवटी. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांना मुलीच्या लग्नासाठी ध्वजदिन निधीतून साहाय्य मिळते आणि त्याच्या अर्जाला शुल्क नसते, हे तेथे कळले. मात्र माझी अर्जाची मुदत केव्हाच उलटली होती.

मागच्या आठवड्यात ऐरोलीतील एका ओळखीच्या किराणा दुकानदाराने मला २,१०० रुपयांच्या देणगीची पावती दाखवली. सोबतच्या पत्रकावर 'या जवानाला कर्जमुक्त करा' असे लिहून माझा तोच पदकांचा फोटो छापलेला होता. पैसे मिळाले का, असे त्याने मला मोठ्या आनंदाने विचारले.