बायकोची चाळिशी, कामशेतचं पॅराग्लायडिंग आणि माझं फसलेलं सरप्राईज

आधीच सांगून टाकतो, मी स्वतः उडालेलो नाही. सातव्या मजल्यावर राहतो आणि गॅलरीत कपडे वाळत घालताना पण कठड्यापासून हातभर लांब उभा राहतो, तर माझ्याकडून त्या रिव्ह्यूची अपेक्षा ठेवू नका. हा रिव्ह्यू बुकिंग करणाऱ्याचा, पैसे देणाऱ्याचा आणि खाली उभं राहून देवाचं नाव घेणाऱ्याचा आहे.

बायको नेमकी उलटी. अलंग-मदन-कुलंग झालंय, लिंगाणा झालाय, कोलाडला राफ्टिंग दोनदा, सांदण दरी तर एवढ्या वेळा की तिथल्या साम्रद गावात एका घरी तिला नावानं हाक मारतात. शाळेत गणित शिकवते, पोरं तिला टरकून असतात आणि शनिवार आला की ही बाई दोरीला लटकायला मोकळी. जानेवारीत तिला चाळीस पूर्ण होणार होती आणि दिवाळीतच तिनं बजावून ठेवलेलं, साडी नको, अंगठी नको, हॉटेलात सगळे टाळ्या वाजवतात तो केक तर अजिबात नको.

मग मी शोधायला बसलो. ऋषिकेशचं ८३ मीटरवालं बंजी डोक्यात होतं पण शाळेची सुट्टी कुठून आणणार, आणि डोंबिवलीहून ऋषिकेशपर्यंत माणसाला काही न सांगता न्यायचं म्हणजे अपहरणच झालं की. हिमाचलच्या बीर-बिलिंगचं पण तेच, तिथलं टेकऑफ २,४०० मीटरवर आहे, २०१५ साली पॅराग्लायडिंगचा वर्ल्डकप झाला ती जागा, ऐकूनच माझे पाय गार पडले. मालवणला स्कूबा करता आलं असतं पण तिला सायनसचा त्रास, कान दुखले की तीन दिवस घरात कर्फ्यू. कोलाडला भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर राफ्ट चालते त्यामुळे जानेवारीत पण जमतं, पण तिसऱ्यांदा तेच म्हणजे सरप्राईज कसलं. राहिलं कामशेत. दीड-दोन तासात पोचतो, ऑक्टोबर ते मे सीझन, आणि उडायचं हे तिनं आजवर कधीच केलेलं नव्हतं.

कामशेतला उडवणारे बरेच आहेत. मी ज्यांच्याकडे गेलो त्यांचं नाव टाकत नाहीये कारण खाली दोन-तीन तक्रारी पण आहेत आणि उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. पण फोनवर काय विचारायचं ते सांगतो, मला हे ऑफिसातल्या एका ट्रेकरनं शिकवलं. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे ती लागते. पायलटकडे टँडमचं सर्टिफिकेट आहे का, म्हणजे दुसऱ्या माणसाला घेऊन उडण्याचं, एकट्यानं उडता येणं वेगळं. रिझर्व पॅराशूट असतं का. आणि वारा नसला किंवा जास्त झाला तर पैसे परत की तारीख बदलून. तिघांना फोन केले, एकानं हसून "काही होत नाही सर, या तुम्ही" म्हणून उडवून लावलं, त्याला कटाप केला. यांनी सगळ्याची नीट उत्तरं दिली, तीन हजार रुपये माणशी, व्हिडिओचे पाचशे वेगळे.

इथपर्यंत मस्त. मग आला ऑनलाईन फॉर्म.

फॉर्ममध्ये वय, ब्लड ग्रुप, काही ऑपरेशन झालंय का, पाठीचा त्रास आहे का, आणि वजन. आता लग्नाला सोळा वर्षं झाली, मला तिचा पॅन नंबर पाठ आहे पण वजन? ते आमच्या घरात कोणी बोलत नाही. वजनकाटा बाथरूममध्ये आहे पण तो ती एकटी असतानाच बोलतो. मी फोन करून विचारलं की अंदाजे चालेल का, तर समोरचा म्हणाला, सर अंदाजे नको, पंखा म्हणजे ते कापड वजनाच्या हिशोबानं निवडतो आम्ही, पायलट अधिक पॅसेंजर अधिक सामान मिळून एका रेंजमध्ये बसायला लागतं. मग मी डोकं लावलं, कॅलेंडरच्या मागे मुलीनं सगळ्यांची वजनं लिहिलेली शाळेच्या प्रोजेक्टसाठी, तिथे बघितलं तर आईसमोर आकडा खाडाखोड करून "माहित नाही" असं लिहिलेलं. शेवटी ठोकून दिलं ५८ आणि मोबाईल नंबरच्या रकान्यात, कारण वर 'उडणाऱ्या व्यक्तीचा' असं लिहिलेलं, तिचाच नंबर टाकला. हो. मीच टाकला. हे वाचून आत्ता तुम्ही जे म्हणालात तेच तिनं पण म्हटलं, नंतर.

तिला सांगितलं की ऑफिसातल्या एकाचा साखरपुडा आहे तळेगावला, शनिवारी दुपारी, रात्री राहायचं. गाडीच्या डिकीत तिचे ट्रेकचे बूट, ट्रॅकपँट, जॅकेट एका गोणपाटाच्या पिशवीत भरून वरती कांदे ठेवले. आईला सांगावंच लागलं कारण मुलीला ठेवायचं होतं, तर आईनं एक स्टीलचा डबा हातात दिला, निरांजन, सुपारी, कुंकू, अक्षता, काडेपेटी, "वाढदिवसाचं औक्षण तरी करा, मग उडवा तिला कुठं उडवायचं ते." बायको चंदेरी नेसून, गजरा माळून गाडीत बसली. कार्ल्याच्या फाट्याला तिनं गाडीतूनच एकवीरेला हात जोडले आणि माझ्याकडे बघून अशी हसली ना, मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

तळेगावच्या आधीच कामशेतला गाडी वळवली, ती काही बोलली नाही. टॉवर हिलच्या खाली गाडी थांबवून मी मोठ्या थाटात डिकी उघडली, कांदे बाजूला केले, पिशवी काढली, आणि वळून बघतो तर मॅडमनी चंदेरीच्या निऱ्या जराशा वर उचललेल्या, खाली काळी ट्रॅकपँट. आठ दिवसांपूर्वी बुकिंग कन्फर्मेशनचा व्हॉट्सॲप तिला गेलेला, नावासकट, वजनासकट. "अठ्ठावन्न काय रे? कुठून आणलंस अठ्ठावन्न?" एवढंच म्हणाली. आठ दिवस ही बाई गप्प राहिली आणि साखरपुड्याला काय आहेर करायचा ते मला रोज विचारत होती.

तर पहिली तक्रार, चूक माझी असली तरी. मी फोनवर दोनदा सांगितलेलं की सरप्राईज आहे, मेसेज माझ्या नंबरवर टाका. तो म्हणाला हो हो. पण मेसेज सिस्टीमच पाठवते म्हणे, आपोआप. मग बुकिंगमध्ये सरप्राईजसाठी एक टिकमार्क ठेवा ना राव, निम्मे लोक वाढदिवसालाच येत असतील.

वर गेलो तेव्हा दोन वाजले होते. वीसेक माणसं बसलेली, गवत गुडघ्याएवढं आणि सुकलेलं, खाली पवनेचं पाणी चमकत होतं. पायलट मावळातलाच पोरगा, तिशीचा असेल, चेहरा उन्हानं रापलेला. त्यानं वजन विचारलं तर बायको त्याला चार पावलं लांब घेऊन गेली आणि कानात सांगितलं. तो माझ्याकडे बघून "चालतंय की" म्हणाला. बस, मला एवढंच कळलं.

मग वाट बघणं सुरू. अडीच, तीन, साडेतीन. विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी ती काठीवरची कापडी नळी, मध्येच आडवा व्हायचा, मध्येच लोंबायचा. बाजूला दुसऱ्या कोणाचा तरी पंखा दोनदा वर गेला, माणसं उडत होती, आणि आमचा पोरगा गवतावर बसून नुसता घारींकडे बघतोय. माझी सटकली. म्हटलं दादा, ते बघा उडतायत, आपलं काय? तो शांतपणे म्हणाला, सर वारा जास्त आहे त्याचं काही नाही, वारा झटके मारतोय ते वाईट, एका क्षणाला पंधरा आणि पुढच्या क्षणाला अठ्ठावीस, पंखा डोक्यावर उभा करतानाच एका बाजूनं दुमडला तर? त्यांचं ते बघतील. मला राग आलेलाच, खोटं कशाला बोलू. साठ किलोमीटरहून जास्त गाडी हाणत आलोय, वाढदिवस आज आहे, उद्या नाही.

तेवढ्यात बायकोला डबा सापडला. औक्षण कोण करणार, तर शेजारी सांगलीच्या एक काकू बसलेल्या, त्यांचा मुलगा उडायला आलेला, त्या आपणहून उठल्या. बायको दगडावर बसली, साडीवर हेल्मेट बाजूला ठेवून, मी आणि काकूंचा मुलगा दोघं ओंजळीचा आडोसा करून उभे. चार काड्या गेल्या, पाचवीला निरांजन लागलं, काकूंनी जेमतेम अर्धा फेरा ओवाळला आणि फप्. माझ्या पोटात धस्स झालं. काकू म्हणाल्या, "शांत झाला म्हणायचं हो, काही होत नाही." आणि पायलट लांबून ओरडला, "मावशी, विंडसॉकपेक्षा तुमचा दिवा भारी हाय, आज कॅन्सल!" आईला हा भाग सांगितलेला नाही, कृपया कोणी सांगू नये.

साडेपाचला त्यांनी खरंच सगळ्यांना उद्या सकाळी सात वाजता यायला सांगितलं, ज्यांना जमणार नव्हतं त्यांचे पैसे तिथल्या तिथे यूपीआयनं परत. वीस जणांचे पैसे धरले तर धंदा केवढा बुडाला तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि राग जरा उतरला.

रात्रीच्या कॅम्पबद्दल जास्त लिहीत नाही, तो यांनीच ओळखीत लावून दिलेला, पवनेच्या काठी तंबू. 'लेक व्ह्यू' होता, संडासाच्या टाकीवरून मान काढून बघितलं तर. बार्बेक्यू म्हणजे माणशी चार तुकडे चिकन, दहापर्यंत स्पीकर, आणि जानेवारीत धरणाकाठी रात्री जी थंडी पडते त्याला त्यांची ती पातळ गादी म्हणजे थट्टाच. तिथे राहायचं असेल तर स्वतःची जाड चादर न्या किंवा सरळ लोणावळ्यात राहा. रात्री केक मात्र मीच आणलेला होता, छोटा, टाळ्या फक्त माझ्या.

सकाळी टेकडीच दुसरी, शिंदेवाडीची. सकाळचा वारा उलट्या बाजूनं येतो आणि टेकऑफ कायम वाऱ्याकडे तोंड करून करायचा असतो म्हणून. साडेसातला मंद, एकसारखा वारा, गवत सगळं एका दिशेला झुकलेलं. तिला हार्नेस घातला, पायाचे पट्टे, छातीचा पट्टा, पायलटनं प्रत्येक कडी स्वतः ओढून बघितली, मग हेल्परनं परत बघितली, मग तिला म्हणाला, ताई एकच गोष्ट, मी थांबा म्हणेपर्यंत पळत राहायचं, पाय जमिनीवरून सुटले तरी पळायचं, बसायचं नाही. लोक घाबरून लवकर बसतात आणि मग घसरत जातात म्हणे. पंखा पाठीमागे पसरलेला, दोऱ्या गवतातून काड्या काढून मोकळ्या केलेल्या. वारा आला तसा त्यानं आवाज दिला, कापड फडफडून उभं राहिलं, आणि ती पळाली. पाचव्या-सहाव्या पावलाला खाली जमीन नव्हती आणि ही बाई हवेत पळतेच आहे, सायकल मारल्यासारखी, खोखो हसत.

मी खाली बघितलंच नाही, वरच बघत होतो. पायलटच्या खांद्याजवळ कसलं तरी यंत्र होतं, वर चढायला लागलं की पीप पीप करतं, ते टेकडीवरून जाताना ऐकू यायचं. नंतर आवाज पण गेला, नुसता एक लाल-पांढरा पट्टा. सकाळी ऊन तापलेलं नसतं म्हणून जास्त उंच जात नाहीत, तिला बारा मिनिटं मिळाली. जाहिरातीत पंधरा ते वीस लिहिलंय, तर ते धरून चालू नका, दुपारी नशीब असेल तर जास्त. तीन हजारात बारा मिनिटं महाग वाटेल, मला तरी परवडलं, कारण खाली शेतात उतरल्यावर ती हेल्मेट पण न काढता दहा मिनिटं काहीच बोलली नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

मग बोलली ते, "आता तू." यांच्याकडे नव्वद किलोची मर्यादा आहे. मी काट्यावर उभा राहिलो, त्र्याण्णव. एवढा आनंद मला वजनाचा कधी झाला नव्हता.

शेवटची तक्रार व्हिडिओची. पाचशे रुपये घेऊन अठरा दिवसांनी आला, चार वेळा मागितल्यावर, आणि पहिली दोन मिनिटं कोण्या दुसऱ्याच बाईची, ती सारखी "आई गं आई गं" करतेय. मेमरी कार्ड रिकामं करायची पद्धत नाही वाटतं. उतरल्या उतरल्या तिथेच मोबाईलमध्ये घ्या.

स्टार द्यायचे तर उडवण्याला पाचपैकी पाच, त्यातला एक त्या शनिवारच्या नकाराचा. कॅम्पला दीड. त्यांच्या ऑफिसच्या कामाला दोन.

व्हिडिओबरोबर त्यांनी एक लिंक पण पाठवलेली, स्वतः उडायला शिकवायचा बेसिक कोर्स असतो काही दिवसांचा त्याची. परीक्षा संपल्या की जाणार आहे म्हणते. फॉर्म परवा रात्री तिनंच भरला, मी शेजारी बसलो होतो, नाव, वय, ब्लड ग्रुप सगळं माझ्यासमोर टाईप केलं आणि वजनाचा रकाना आला तसा मोबाईल तिकडे फिरवला.