नळाला रोज पाणी येतं म्हणाला, तेव्हाच कळायला हवं होतं

४२,३०० रुपये. भाड्याच्या फ्लॅटच्या नावाखाली एका भामट्यानं माझ्याकडून नेले. त्यातले ३५,५०० मोबाईलवरून गेले, ६,८०० रोख. रोखीचे वेगळे सांगतेय, कारण पोलिसांच्या लेखी ते गेलेलेच नाहीत. पावती नाही ना, मग दिलेच नाहीत. तेव्हा एक गोष्ट आत्ताच ऐकून घ्या: घरमालक, एजंट, वॉचमन, कोणीही असो, रोख एक रुपयाही द्यायचा नाही. "थोडे कॅशमध्ये द्या" म्हणाला की चप्पल घालायची आणि निघायचं.

डिपॉझिटची फसवणूक कशी होते ते सगळ्यांना माहीत आहे. भाड्यानं घेतलेला फ्लॅट स्वतःचा म्हणून दाखवायचा, चार जणांकडून डिपॉझिट घ्यायचं, सगळ्यांना एकच तारीख द्यायची आणि त्या तारखेआधी पसार व्हायचं. मीही या बातम्या वाचते. मिलिटरीत असल्याचं सांगून क्यूआर कोड पाठवणारे तर मी पहिल्या मेसेजलाच ब्लॉक करते. त्यामुळे "आजकालच्या शिकलेल्या मुलीसुद्धा…" हे वाक्य कोणाच्या ओठावर आलं असेल तर त्यानं ते तिथंच ठेवावं. माझ्या आत्यानं ते बोलून घेतलंय.

मी सेलू तालुक्यातली. बीएस्सी केमिस्ट्री केलं आणि वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी लॅबमध्ये लागले. तिन्ही शिफ्ट कराव्या लागतात. लेडीज हॉस्टेलचं गेट रात्री नऊला बंद होतं आणि दुसरी शिफ्ट सुटते अकराला, म्हणून खोली हवी होती. "बाई, हॉस्टेलात राय की, एकलीला खोली कामून पायजे?" हे अण्णा, माझे वडील, रोज म्हणायचे. घरातून बाहेर पडून राहणारी आमच्या भावकीतली मी पहिलीच मुलगी. शेवटी तेच तयार झाले आणि डिपॉझिटसाठी सोयाबीन काढलं. तेव्हा सरकारी हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता, पण खरेदी केंद्रावर बारदाना, म्हणजे पोती नाहीत, म्हणून आडतीवर व्यापाऱ्याला ४,१५० नं दिलं. दहा क्विंटल. हिशेब तुम्हीच करा, जवळजवळ तेवढेच पैसे त्या माणसानं नेले.

आता घर शोधायचं म्हणजे काय, ते ज्यांनी संभाजीनगरात एकटीनं शोधलंय त्यांनाच कळेल. गारखेडा झालं, उल्कानगरी झाली, सातारा परिसर झाला. प्रत्येक दारात तेच प्रश्न. लग्न झालंय का? गावाकडून कोण कोण येणार? नॉनव्हेज करता का? आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं, "आडनाव काय तुमचं?" आडनाव सांगितलं की बोलणं एकतर एकदम गोड व्हायचं, नाहीतर "मिस्टरांना विचारून सांगते". एका बाईंनी तोंडावर सांगितलं, रात्री अकराला येणारी मुलगी आमच्या बिल्डिंगला चालत नाही.

हे सगळं ऐकून आल्यावर बीड बायपासच्या बाजूला वन बीएचके दाखवणारा एक जण म्हणतो, "ताई, तुमची शिफ्ट, तुमचं काम, आपल्याला काय करायचंय?" त्यानं आडनाव विचारलं नाही, लग्नाचं विचारलं नाही. मला तो माणूस चांगला वाटला. वाटणारच! ज्याला घर द्यायचंच नाही त्याला भाडेकरूच्या आडनावाशी काय देणंघेणं? बाकीच्या घरमालकांनी आधी ती वागणूक दिली नसती तर मी त्याच्या दारात गेलेच नसते, हे मला छातीठोकपणे सांगायचंय.

आणि मी आंधळेपणानं पैसे टाकले असंही नाही. फ्लॅट आत जाऊन पाहिला, नळ सोडून पाहिले, गॅलरीतून कंपनीची बस थांबते तो चौक किती लांब आहे ते विचारून घेतलं. स्वस्त दिसलं की सावध व्हा असं सगळे सांगतात. स्वस्त कुठे होतं? ८,५०० भाडं, तिथं तेवढंच चालतं. ३०,००० डिपॉझिट, तेही नेहमीचंच. फ्लॅट मामाचा आहे, मामा पुण्याला असतात, मीच सगळं बघतो, असं त्यानं सांगितलं. लाइट बिलावर खरोखरच वेगळं नाव होतं, ते मामाचं. पैसे पाठवताना मोबाईलवर तिसरंच नाव आलं, तर म्हणे भाच्याचं खातं, माझ्या खात्याची लिमिट संपली. (मामा, भाचा, सगळं खानदान हजर. फक्त मालक कुठेच नाही.)

पण ही नावंबिवं सोडा. खरी खूण वेगळीच होती आणि ती आठवली की अजून मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

निघताना मी विचारलं, "पाणी कितव्या दिवशी येतं?" तो म्हणाला, "रोज येतं ताई, पाण्याचं काही टेन्शन नाही."

रोज. संभाजीनगरात. जिथं लोक नळाच्या दिवसासाठी रजा टाकतात, लग्नाची तारीख काढताना पाण्याचा वार बघतात, जिथं आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळ येतो. जायकवाडी पन्नास किलोमीटरवर भरलेलं असलं तरी शहर टँकरची वाट बघतं, हे मराठवाड्यातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. त्या शहरात घर सांभाळणारा माणूस सगळं विसरेल, पण पाण्याचा वार विसरणार नाही. मालक असता तर त्यानं तो वार, वेळ, मोटर कधी लावायची, शेजारचा आधी मोटर लावून कसं पाणी ओढतो, हे सगळं न विचारता सांगितलं असतं. त्याला माहीतच नव्हतं, कारण तो तिथं राहतच नव्हता.

मी मनात म्हटलं, बोअर असेल. बरं, मला नाही कळलं तर नाही, आईला कळलं होतं. सामान बांधताना तिनं दोनशे लिटरचा निळा ड्रम काढून ठेवला होता. मी म्हटलं, नको, तिथं रोज पाणी येतं. आई म्हणाली, "संभाजीनगरात रोज? कोण सांगितलं तुला?" मी म्हटलं, मालकानं सांगितलं. आई गप्प बसली, पण ड्रम छोट्या हत्तीत चढवलाच. मला राग आला होता की हिला शहरातलं काय कळतं!

तेव्हा घर बघायला जाल तर शेजारच्याचं दार वाजवा आणि पाण्याचा वार विचारा. तोच प्रश्न मालकाला विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर तिथून पाय काढा.

पैसे असे गेले: आधी टोकन २,०००, मग डिपॉझिटचे २५,००० मोबाईलवरून आणि ५,००० रोख, पहिल्या महिन्याचं भाडं ८,५००, करारनाम्याच्या खर्चाचे १,८०० रोख. करार कसला, तर ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी, तोही "तुम्ही राहायला आल्यावर करू". इथं नीट लक्ष द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन येतो, आणि मालकाच्या आधारची पडताळणी झाल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. असल्या माणसाचं पितळ तिथंच उघडं पडतं. माझ्या भाड्यावर मुद्रांक शुल्क दोन-तीनशे रुपये झालं असतं, वर हजार रुपये नोंदणी फी. आधी नोंदणी, मग डिपॉझिट. उलटं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

१ फेब्रुवारी २०२५ ला सामान घेऊन पोचले तर दारात आधीच एक टेम्पो. भोकरदनकडचं नवरा-बायको, कडेवर लेकरू, खाली पलंग उतरवलेला. थोड्या वेळानं स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी दोन पोरं बॅगा घेऊन आली, गेवराईची. तिघांकडेही चाव्या होत्या आणि तिन्ही चाव्यांनी कुलूप उघडलं. त्याचा फोन बंद. शेजारच्या काकूंनी खऱ्या मालकाला फोन लावून दिला. तो पुण्याचा, एवढं मात्र खरं निघालं. त्याचंच म्हणणं, त्या माणसानं दोन महिन्यांचं भाडं दिलं आणि पुढचं बुडवलं, "मीच फसलोय". करार नोंदवला होता का? नाही. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली होती का? नाही. आधारची झेरॉक्स आहे म्हणे, त्यात चेहऱ्याच्या जागी काळा डाग. आमच्या आडनावाची एवढी चौकशी करणारे हे लोक, आणि ज्याच्या हातात चावी दिली त्याचा धड फोटोसुद्धा यांच्याकडे नाही.

मग पोलीस ठाणं. पहिलं उत्तर: "हे दिवाणी मॅटर आहे, वकील बघा." दिवाणी कसलं, एकच फ्लॅट तिघांना दिलाय, असं म्हटल्यावर: "पैसे ऑनलाइन गेले ना? मग सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, माणूस समोर भेटला, चावी दिली, मग हे सायबर कसं? ठाण्यातच द्या. परत ठाण्यात. तिथं नवे साहेब. "पैसे पाठवले तेव्हा तुम्ही कुठे होता?" गावी. "मग तिकडं तक्रार द्या." तिकडं गेले तर, "फ्लॅट कुठे आहे? संभाजीनगर ना?" बँकेत खातेदार कोण ते विचारलं तर पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांकडे पत्र मागितलं तर आधी खातं कोणाचं ते तरी सांगा. एका हवालदारानं सगळा अर्ज वाचला आणि काय विचारलं माहितीये? "एकट्याच राहणार होतात का?" चोर सापडायचा राहिला बाजूला, माझीच चौकशी.

नंतर गल्लीतल्या एका वकील दादांनी सांगितलं ते तुम्हालाही सांगते. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची झिरो एफआयआर घ्यावीच लागते. फसवणूक म्हणजे पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. ठाण्यात नोंद घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीचं सीआरपीसी) कलम १७३ प्रमाणे वरिष्ठांकडे लेखी तक्रार टपालानं पाठवता येते, त्यानंही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठायचं नाही. मी पहिल्या वेळी नुसतं बोलून आले, त्याची कुठेच नोंद नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा तो पैसे गेल्या गेल्या, खात्यात असतील तर अडकवता येतात. आम्हाला कळलं तेव्हा दहा-बारा दिवस उलटून खातं रिकामं झालेलं होतं.

सध्या मी बजाजनगरात कॉटबेसिसवर राहते, महिना ३,५००. अण्णा पैशांबद्दल एक शब्द बोललेले नाहीत. आत्या बोलते.

भोकरदनचे ते दादा-वहिनी, गेवराईची पोरं आणि मी, आम्ही तिघांनी मिळून पोलीस आयुक्तालयात एकत्र अर्ज दिलाय, शिक्का घेतलाय. पुण्याचा मालक सही करायला तयार नाही, त्याला कलम ५५ ची भीती असावी. डिसेंबर-जानेवारीत बीड बायपासच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेसाठी "मामांचा फ्लॅट आहे" म्हणणाऱ्याला आणखी कोणी पैसे दिले असतील तर लाजू नका, कळवा. पुरवणी अर्जात तुमचं नाव घालता येईल. ट्रान्झॅक्शनचे स्क्रीनशॉट घेऊन या. रोख दिले असतील तरी या, फक्त कोणत्या दिवशी दिले, किती दिले आणि तेव्हा सोबत कोण होतं एवढं कागदावर लिहून आणा.